शून्य मिनिट कुठलं? चेतापेशी, ऑक्सिजन आणि कॅल्शियम: प्रकल्प नोंदी

या नोंदी जून ते सप्टेंबरमधल्या आहेत. गोव्यातली छोटी प्रयोगशाळा, तयार हायपॉक्सिया चेंबर (पेशींना कमी ऑक्सिजनमध्ये ठेवायची हवाबंद पेटी) घेण्याइतका निधी नाही, आणि काम असं की चेतापेशींसारख्या पेशींचा ऑक्सिजन तोडायचा व त्यांच्या आतलं कॅल्शियम कधी आणि कसं चढतं ते बघायचं. असंच काम कुणी कमी पैशांत करायला घेणार असेल तर आमचे वाया गेलेले आठवडे त्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून लिहिते आहे.

या कामाकडे मी का वळले तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी साखळी गावी आजी पहाटे उठली तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात उचलत नव्हता. इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यांना शेवटचं नीट कधी पाहिलंत?" रात्री साडेनऊला. म्हणजे पक्षाघाताचा झटका साडेनऊ ते पाच यांत कधीही आलेला. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि घड्याळ कुठून सुरू करायचं तेच आम्हाला सांगता येईना. या चार महिन्यांत तोच प्रश्न माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येऊन उभा राहिला.

१२ जून

पुण्याच्या पेशीभांडारातून एसएच-एसवाय५वाय पेशी आल्या. या मानवी न्यूरोब्लास्टोमाच्या, म्हणजे अपक्व चेतापेशींच्या कर्करोगाच्या, पेशी. ज्या मूळ पेशींपासून त्या वेगळ्या केल्या त्या १९७० साली एका चार वर्षांच्या मुलीच्या हाडातल्या गाठीतून काढलेल्या. फ्लास्कवर नाव लिहिताना ती मुलगी मनात येते. त्यामुळे एकही फ्लास्क निष्काळजीपणाने फेकायचा नाही, हे ज्युनियरला पहिल्याच दिवशी सांगितलं.

१९ जून

फेकावे लागलेच. पाऊस सुरू होऊन दहा दिवस झाले होते. मायक्रोस्कोपखाली कापसाच्या तंतूंसारखी बुरशी दिसली, तीन फ्लास्क गेले. बुरशीनाशक घालून वाचवू या असं ज्युनियर म्हणाली, मी नको म्हटलं. ते औषध स्वतःच पेशीच्या पटलाशी खेळतं, मग पुढे कॅल्शियमचं जे काही दिसेल त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार?

शोधता शोधता कारण इन्क्युबेटरच्या वर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत सापडलं. गोव्याच्या पावसात पुठ्ठा म्हणजे बुरशीचं शेत. सगळी खोकी बाहेर काढली, दारातलं तागाचं पायपुसणं काढलं, इन्क्युबेटरच्या तळातलं पाणी दर सोमवारी बदलायचं ठरवलं. सुदैवाने पहिल्याच दिवशी चार कुप्या गोठवून ठेवल्या होत्या. तरी अकरा दिवस गेले.

३ जुलै

चेंबर म्हणून पाच लिटरचा स्टेनलेस स्टीलचा प्रेशर कुकर घेतला, म्हापशाच्या बाजारातून, १,६५० रुपये. हवाबंद प्लास्टिकचा डबा आधी करून पाहिला होता, पण झाकणाच्या कडेला साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येत. कुकरचं रबर मात्र घट्ट बसतं. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या भोकात पितळी निपल बसवला, तिथून गॅस आत. शिटीच्या नळीला ट्यूब लावून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं, तिथून गॅस बाहेर. बुडबुडे दिसले म्हणजे गॅस वाहतो आहे, आणि बाहेरची हवा उलटी आत येत नाही. आमच्या तंत्रज्ञ काकांनी निपल बसवून दिला. ते म्हणाले, "सेफ्टी काढलेला कुकर पुन्हा चुलीवर जाता कामा नये." त्यांनी झाकणावर लाल रंगाने फुली मारली. तुम्हीही मारा.

आणखी एक, याच्याशी खेळ नको: नायट्रोजनला वास नसतो. एसीच्या बंद खोलीत सिलिंडर सोडून बसू नका. आम्ही गॅस सोडताना खिडकी उघडी ठेवतो आणि कुणीही एकटं काम करत नाही.

६ जुलै

पहिला प्रयोग. शेजारच्या विभागातून शुद्ध नायट्रोजन आणला. मिनिटाला दोन लिटर, पाच मिनिटं, मग दोन्ही नळ्या बंद. चार तास ३७ अंशांवर. ट्रायपॅन ब्ल्यू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) लावून मोजलं: साध्या बशीत ९४ टक्के पेशी जिवंत, कुकरमधल्या बशीत ९२. म्हणजे काहीच झालं नाही. मी वहीत लिहिलं, "पेशी चिवट आहेत." हे वाक्य चुकीचं होतं, आणि ते कळायला तीन आठवडे लागले.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी खटकली. मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रावण, लालसर केशरी असायला हवं ते गुलाबी-जांभळं झालं होतं. शुद्ध नायट्रोजनने ऑक्सिजनबरोबर कार्बन डायऑक्साइडही धुऊन नेला होता, त्यामुळे बायकार्बोनेटचं मीडियम अल्कधर्मी झालं. मेंदूला रक्त कमी पडतं तेव्हा ऊती आम्ल होते. आम्ही नेमकं उलटं करून बसलो होतो.

१० जुलै

ऑक्सिजन गेला की नाही हे विचारायचा स्वस्त मार्ग मिळाला. मिथिलीन ब्ल्यू, ग्लुकोज आणि कॉस्टिक सोडा यांचं पाणी. ऑक्सिजन असेल तोवर निळं, संपला की रंगहीन. त्याची छोटी बशी कुकरमध्ये ठेवली, ६ जुलैसारखाच गॅस सोडला आणि चार तासांनी झाकण उचललं. पाणी निळंशार.

मग हिशोब केला. मिनिटाला दोन लिटर, पाच मिनिटं, म्हणजे दहा लिटर. पाच लिटरच्या भांड्यात ही दोनच आकारमानं झाली. गॅस आत मिसळत जातो तेव्हा दोन आकारमानांनंतरही जुन्या हवेतला १३-१४ टक्के भाग उरतो, म्हणजे ऑक्सिजन पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. चार तास आम्ही पेशींना थोड्या विरळ हवेत ठेवलं होतं आणि त्यांच्या चिवटपणाचं कौतुक करत होतो.

एका मित्राने मेणबत्ती लावून बरणी बंद करायचं सुचवलं. ती पद्धत हिवतापाचे परजीवी वाढवायला वापरतात. पण मेणबत्ती विझते तेव्हाही बरणीत १५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजन उरलेला असतो. ती इथे चालणार नाही.

१७ जुलै

वेर्ण्याहून ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा मिश्र सिलिंडर आला. डिपॉझिट सोडून ९,४०० रुपये, आणि वाट पाहण्यात सहा दिवस. आता मिनिटाला दहा लिटर, दहा मिनिटं, म्हणजे वीस आकारमानं. मीडियमचा रंग नीट राहिला. पण सिलिंडरमधला गॅस कोरडा असतो. रात्रभरात एका बशीतलं मीडियम जवळजवळ पाव भाग उडून गेलं आणि पेशी खारट पाण्यात आकसल्या. तेव्हापासून गॅस कोमट पाण्याच्या बाटलीतून नेतो, आणि कुकरच्या तळाला ओलं फडकं असतं.

२२ जुलै

कुकरच्या हवेतला ऑक्सिजन गेला म्हणजे पेशीपाशी गेला असं नाही. पेशी बशीच्या तळाला चिकटलेल्या, वर मीडियमचा थर. त्यात विरघळलेला ऑक्सिजन हळूहळू वर येऊनच बाहेर पडणार.

मोजायला ऑक्सिजन मीटर हवा होता. चोडणला खाजनात कोळंबीचं तळं असलेला मावसभाऊ आहे, त्याचा मीटर दोन आठवड्यांसाठी मागून आणला. तोही तळ्यातला पहाटेचा ऑक्सिजन बघत असतो, त्यामुळे त्याला काम लगेच कळलं. "प्रोब पाण्यात नुसता बुडवून ठेवू नकोस गो, हलवत राहा," हे त्यानेच सांगितलं. त्या जातीचा प्रोब स्वतः ऑक्सिजन खातो. पाणी स्थिर असेल तर त्याच्या तोंडापाशी ऑक्सिजन कमी होतो आणि आकडा खोटा खाली दिसतो.

समुद्राच्या पाण्यावर काम करणाऱ्या एका ताईने आणखी एक धडा दिला. पावसाळ्याच्या अखेरीस गोव्याच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाशी ऑक्सिजन जवळजवळ संपतो, आणि ही मंडळी ते पाणी वर आणून मोजतात. बाटली भरताना नळी तळाला टेकवायची, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, बाटली भरून वाहू द्यायची. आम्ही मीडियम उंचावरून ओतत होतो. ओतताना जेवढी हवा मिसळते तेवढ्याने तासाभराचं काम पाण्यात जातं.

आता मीडियम आधीच बाटलीत काचेच्या नळीने मिश्र गॅसखाली चाळीस मिनिटं ठेवतो. मीटरवर ६.४ वरून ०.३ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत खाली येतं.

२६ जुलै

या नोंदींतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मिथिलीन ब्ल्यूचं पाणी पेशींच्याच मापाच्या बश्यांत ठेवलं. प्लास्टिकच्या बशीत दोन मिलिलिटर: रंग जायला २ तास ३५ मिनिटं. काचेच्या बशीत एक मिलिलिटर: ५० मिनिटं.

फरकाची कारणं दोन. थराची उंची दुप्पट झाली तर ऑक्सिजन पसरत बाहेर पडायला चौपट वेळ लागतो. आणि बशीचं पॉलिस्टायरिन प्लास्टिक स्वतःच ऑक्सिजन शोषून ठेवतं व नंतर तासन्‌तास सोडत राहतं. आम्ही पेशींचा श्वास वरून बंद करत होतो आणि त्यांच्या पायाखालची फरशी त्यांना ऑक्सिजन पुरवत होती.

म्हणजे ज्याला मी "चार तास ऑक्सिजनविना" म्हणत होते त्यातले अडीच तास ऑक्सिजन होता. त्या रात्री घरी जाताना डॉक्टरांचा तो प्रश्न आठवला. झडप बंद केली ती वेळ आणि पेशीचा ऑक्सिजन संपला ती वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत, आणि मी पहिलीलाच शून्य मिनिट समजत होते.

यापुढे सगळं काचेवर, एक मिलिलिटर, आधीच ऑक्सिजन काढलेलं मीडियम. हे निळं पाणी स्वतःही थोडा ऑक्सिजन वापरतं, म्हणून रंग गेल्यावर आणखी अर्धा तास थांबून मगच शून्य मिनिट धरायचं.

१ ऑगस्ट

तरी पेशी मरेनात. सहा तासांनंतरही ८९ टक्के जिवंत. या वेळी मात्र "चिवट" लिहिलं नाही, कारण शोधलं. दोन सापडली.

एक, रक्त थांबलं की मेंदूची साखरही थांबते, म्हणून ग्लुकोज नसलेलं मीडियम घेतलं होतं, पण त्यात आम्ही सवयीने १० टक्के सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घातलं होतं. सीरममध्ये ग्लुकोज असतं! पुढच्या दाराने काढलेली साखर मागच्या दाराने आम्हीच आत आणत होतो. आता सीरम नाही, पेशीला इंधन म्हणून चालणारं पायरुव्हेटही नाही, आणि बशी तीनदा धुतो.

दोन, या पेशी मुळात कर्करोगाच्या. भरपूर साखर मिळाली की त्या ऑक्सिजन असूनही बरीचशी ऊर्जा साखर आंबवूनच काढतात. आपल्या मेंदूतल्या चेतापेशीला ही चैन नाही, ती मायटोकॉन्ड्रियावर जगते. म्हणून दहा दिवस ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज या दुसऱ्या साखरेवर पेशी वाढवल्या, म्हणजे त्यांना मायटोकॉन्ड्रिया वापरणं भाग पडतं. वाढ मंदावली, दहा दिवस गेले, पण हे केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

१२ ऑगस्ट

गॅलॅक्टोजवरच्या पेशी, खरोखर ऑक्सिजन नाही, ग्लुकोजही नाही, सहा तास, मग १८ तास नेहमीच्या हवेत. ६१ टक्के जिवंत. शेजारच्या साध्या बशीत ९३. दोन महिन्यांनी पहिल्यांदा आकड्यांत फरक पडला. आम्ही दोघी बराच वेळ मायक्रोस्कोपपाशी गप्प बसून होतो.

१६ ऑगस्ट

आता कॅल्शियम. शांत चेतापेशीत मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं आणि बाहेर त्याच्या दहा हजार पटींहून जास्त. हा उतार टिकवायला पेशीचे पंप सतत एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, जाळतात. फ्युरा-२ हा रंग दोन तरंगलांबींच्या गुणोत्तरावरून कॅल्शियमचा खरा आकडा देतो, पण आमच्या मायक्रोस्कोपला तो प्रकाश नाही. म्हणून फ्लुओ-४. त्यात फक्त किती पट उजळलं ते दिसतं. नॅनोमोलरमध्ये आकडे आम्ही लिहीत नाही, लिहायचा हक्क नाही.

पहिल्या तीन कुप्या वाया गेल्या, सुमारे दहा हजार रुपये. फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडल्या, ऑगस्टच्या दमट हवेत आत दव धरलं. हा रंग एस्टरच्या रूपात येतो आणि पाणी लागलं की फुटतो, मग तो पेशीत शिरतच नाही. कुपी बंदच ठेवून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) अर्धा तास, मगच झाकण उघडायचं. रंग भरताना ३७ अंश नको. २५ अंशांवर भरला तर तो पेशीच्या आतल्या कप्प्यांत कमी अडकतो.

२१ ऑगस्ट

कुकर मायक्रोस्कोपखाली जात नाही. म्हणून काचेच्या कव्हरस्लिपांची अरुंद खाच करून त्यातून ऑक्सिजन काढलेला बफर (पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) वाहता ठेवला. बाटलीत मीटर ०.३ दाखवतो, खाचेतून बाहेर पडणाऱ्या थेंबांत २.८. तीन दिवस सांधे तपासले, कुठेच गळती नव्हती. दोष नळीचा होता. सिलिकॉनमधून ऑक्सिजन सहज आरपार जातो, आणि आमची नळी दीड मीटर लांब होती. ती काढून स्टीलची बारीक नळी लावली, बाटली मायक्रोस्कोपच्या शेजारी आणली. आकडा ०.५ वर आला.

२५ ऑगस्ट

सहाव्या मिनिटाला पेशी उजळू लागल्या. आनंद झाला. मग ऑक्सिजन असलेला बफर लावून तेच केलं, तर त्याही सहाव्या मिनिटालाच उजळल्या. दर दोन सेकंदांनी निळा प्रकाश मारून आम्हीच त्यांना इजा करत होतो. आता वीस सेकंदांनी एक चित्र, प्रकाश दहा टक्के. साधी बशी तासभर शांत राहिली, तेव्हाच पुढे गेलो. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी कार्बाकॉल देतो. त्याला जिवंत पेशी झटकन कॅल्शियम उसळवून उत्तर देते, म्हणजे रंग आणि पेशी दोन्ही ठीक होत्या हे कळतं. ग्लुटामेटला (चेतापेशींमधला एक संदेशवाहक रेणू) या पेशींनी उत्तर दिलं नाही. खऱ्या मेंदूतल्या चेतापेशीत ग्लुटामेटचं दार हा मोठा मार्ग असतो. आमचं काम त्याबद्दल काही सांगत नाही.

२ सप्टेंबर

चढणारं कॅल्शियम बाहेरून येतं की आतल्या साठ्यातून? कॅल्शियम न घातलेला बफर वापरला, चढ जवळजवळ तेवढाच. साठाच असावा असं सर म्हणाले. मला बाटल्या आठवल्या. त्या आम्ही नळाच्या पाण्याने धुतो.

१८८२-८३ मध्ये लंडनला सिडनी रिंगर बेडकाच्या हृदयावर काम करत होते. मिठाच्या द्रावणात हृदय छान धडधडे. नंतर कळलं की द्रावण नळाच्या पाण्यात केलं होतं, आणि ऊर्ध्वपातित पाण्यात केलं की हृदय थांबतं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. ती चूक त्यांनी लपवली नाही, छापली. हृदयाला कॅल्शियम लागतं हे त्यातूनच कळलं.

"घातलं नाही" म्हणजे "नाही" असं नसतं. आता बफरमध्ये एक मिलिमोलर ईजीटीए घालतो, ते उरलंसुरलं कॅल्शियम पकडून ठेवतं. ते घातल्यावर पीएच खाली येतो, पुन्हा ७.४ वर आणायला विसरू नका. आम्ही एकदा विसरलो. नीट केल्यावर चढाचा सुमारे तिसरा भागच उरला. म्हणजे बरंचसं बाहेरून, थोडं साठ्यातून.

१४ सप्टेंबर

गणेशचवथीला घरी गेले होते. परत आले तर मधल्या रात्री वीज जाऊन इन्क्युबेटर सात तास बंद. गॅलॅक्टोजवरच्या पेशी पुन्हा पहिल्यापासून. बारा दिवस गेले.

२८ सप्टेंबर

पाच वेळा, प्रत्येकी तीन बश्या. नुसता ऑक्सिजन काढला आणि ग्लुकोज राहू दिलं तर तासभरात कॅल्शियमची रेषा सपाट. दोन्ही काढलं तर खऱ्या शून्यापासून २० ते ३० मिनिटांनी हळू चढ सुरू होतो, पेशी एकेक करून उजळतात, सगळ्या एकदम नाही. एटीपी संपत आलं की कॅल्शियम बाहेर फेकणारे पंप थकतात. सोडियमचा पंपही थकतो, आत सोडियम साठतं, आणि सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर टाकणारा विनिमयक उलटा फिरून कॅल्शियम आत आणू लागतो, असं आमचं वाचन आहे. तो रोखून पाहणं अजून बाकी आहे.

तिसाव्या मिनिटाला ऑक्सिजन आणि ग्लुकोज परत दिलं तर बहुतेक पेशींची रेषा खाली येते. नव्वदाव्या मिनिटाला दिलं तर निम्म्या पेशी उजळलेल्याच राहतात, आणि दुसऱ्या दिवशी ट्रायपॅन ब्ल्यूने निळ्या दिसणाऱ्या बऱ्याचशा त्याच असतात. हीच माणसाच्या मेंदूतली मिनिटं असं कुणी समजू नये, या बशीतल्या कर्करोगी पेशी आहेत. पण झडप बंद केलेल्या वेळेपासून मोजलं असतं तर तीस आणि नव्वद या दोन बश्यांत आम्हाला फरकच दिसला नसता.

आतापर्यंतचा खर्च, रंग आणि सिलिंडर धरून, ६१ हजारांच्या आसपास. वहीत प्रत्येक बशीपुढे आता दोन रकाने आहेत: झडप बंद केली ती वेळ, आणि ऑक्सिजन गेला ती वेळ. दुसरा रकाना रिकामा असेल तर ती बशी मोजत नाही. कुकरचं रबर थोडं कडक झालंय, शुक्रवारी म्हापशाला गेले की नवीन आणेन.